मन्मथआप्पांची भरलेली टाकी

मन्मथआप्पा आयुष्यात कधी गरम जेवले असतील असं मला वाटत नाही. त्यांच्या घरी स्वयंपाक झाला की आधी चूल विझवायची असा नियम होता. निखारे ओढायचे, पाणी शिंपडायचं, राखेत बोट घालून बघायचं, आणि राख गार लागली की मग ताट वाढायचं. तोवर भाकरी वातड झालेली असायची आणि वरणावर पापुद्रा धरलेला असायचा. पुढे घरात गॅस आला, तर आप्पा जेवायच्या आधी सिलिंडर उचलून अंगणात नेऊन ठेवू लागले. त्यांच्या बायको महानंदाकाकू मला एकदा म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवापून ह्या घरात ताटावर वाफ बगितली न्हाई, बाई. मानूस वाईट न्हाई, पन समदं गार करून खातो." आणि स्वतःच हसल्या.

मी मूळची नांदेड शहरातली. जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक झाली ती अहमदपूरच्या पुढे बरंच आत, जिथे दिवसातून दोन एस.टी. येतात आणि दोन्ही उशिरा येतात अशा एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण माणसं अजून तिथंच आहेत. मला खोली मिळाली ती आप्पांच्या घरासमोर. सामान लावून होतंय न होतंय तोच एक उंच, वाळका, धोतर नेसलेला माणूस न विचारता आत आला. त्याने शेगडी बघितली, नळीचा वास घेतला आणि ओट्याजवळच्या खिडकीचा माझा नवाकोरा नायलॉनचा पडदा काढून, व्यवस्थित घडी करून माझ्या हातात दिला. "सुती लावा," एवढं बोलून तो निघून गेला. मी तणतणत घरमालकाकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "त्ये आपले बंबवाले आप्पा. तुमचा पडदाच काडला न्हवं? आमाला तर आख्खा कडबा हलवाया लावला व्हता."

बंब म्हणजे शहरातल्यासारखी घंटा वाजवत जाणारी गाडी नव्हे. मारुतीच्या पाराजवळ, लिंबाच्या सावलीत, पाच हजार लिटरची एक लोखंडी टाकी दोन चाकांवर उभी असे. लाल रंग दिलेला, तोही दोन जातींचा, कारण अर्ध्यात डबा संपला होता. मागच्या बाजूला विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन आणि पंप बसवलेला, वर गुंडाळलेला पाइप. पुढे आप्पांचं जुनं ट्रॅक्टर कायमचं जोडलेलं. त्याचा स्टार्टर केव्हाच गेला होता म्हणून ते नेहमी उताराच्या तोंडाशी, चाकाला दगड लावून उभं असायचं. दगड काढला की गाडी आपोआप चालू पडे. गावात कुणाची बैलगाडी त्या उतारावर आडवी उभी राहिली, तर आप्पा मालकाला शोधून काढत आणि गाडी हलेपर्यंत त्याच्या दारात उभे राहत. बोलत मात्र काही नसत, आणि त्या नुसत्या उभं राहण्याला लोक जास्त वैतागत.

आप्पांचा धंदा मोटारी बांधायचा, म्हणजे विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींना पुन्हा तांब्याची तार गुंडाळून चालू करून द्यायचा. तीन एकर कोरडवाहू शेती होती ती वेगळी. आगीचं वेड डोक्यात कसं शिरलं ते मला दत्तानं सांगितलं. दत्ता म्हणजे आप्पांचा शेजारी, वेल्डिंगचं दुकान असलेला, हसरा आणि अंगानं दांडगा. मी यायच्या काही वर्षं आधीची गोष्ट. सोयाबीन कापून झालं की मळणी होईपर्यंत त्याचा ढीग घालून ठेवतात, त्याला आमच्याकडे बनीम म्हणतात. त्या वर्षी गावानं एक शहाणपणा केला. मळणीयंत्र शेताशेताला फिरवायला नको म्हणून सगळ्यांनी आपापल्या बनीमी गावाबाहेरच्या माळावर एकमेकींना चिकटून घातल्या. यंत्राच्या ट्रॅक्टरची ठिणगी पहिल्या बनीमीवर पडली, आणि बघता बघता निम्म्या गावाचं पीक गेलं. शहरातला बंब आला तेव्हा विझवायला राख होती. त्या लोकांचा तरी काय दोष, रस्ताच तसा. त्यांनी राखेवर पाणी मारलं, चहा घेतला आणि ते गेले.

आप्पांची बनीम त्या ढिगात नव्हती, त्यांचं काहीच जळलं नाही. पण वीज गेलेली होती, आणि आसपासच्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी, ज्या आप्पांनीच बांधलेल्या होत्या, त्या मुक्या बसल्या होत्या. "एवड्या मोटारी बांधल्या दत्ता, एक कामाला आली न्हाई," असं ते म्हणाले म्हणे. पुढच्या महिन्यात त्यांनी लातूरच्या भंगार बाजारातून टाकी आणली. दत्तानं ती सांधली. सरपंचांनी विहिरीवरचं इंजिन दिलं, कुणी टायर दिले, कुणी पाइप दिला. देवळाच्या कळसाला आणलेल्या रंगातून उरलेला रंग पुजाऱ्यानं दिला, तो अर्ध्यात संपला हे वर सांगितलंच आहे. पथकात यायला चौदा जण तयार झाले. पगार नाही, टोपी नाही. देवळाच्या भोंग्यावरून आप्पांनी शेताचं नाव तीनदा घेतलं की हातातलं काम टाकून यायचं. 'आग' हा शब्द भोंग्यावर उच्चारायचा नाही असा आप्पांचा नियम होता. लोक घाबरून भलतीकडे पळतात म्हणायचे.

टाकी भरायची रीत मात्र गावाची, आणि मला ती फार आवडायची. शनिवारी घरटी एक घागर. बाया मारुतीला जाताना डोक्यावर घागर घेऊन यायच्या, दत्तानं जोडलेल्या शिडीवरून वर चढून टाकीत ओतायच्या आणि मग देवाला जायच्या. नव्या सुनेनं सासरी आल्यावरच्या पहिल्या शनिवारी आधी टाकीत घागर ओतायची, मग मारुतीचं दर्शन घ्यायचं, असं होता होता ठरूनच गेलं. शिडीवर चढणाऱ्या नव्या नवरीचा पदर सावरायला खाली चार जणी उभ्या असत आणि थट्टेला ऊत येई. आप्पा लिंबाखाली मान खाली घालून उभे राहत. सून उतरली की म्हणत, "ध्यान ठिवजा, ही टाकी तुमची हाय." मी मुलांच्या हजेरीतून सुटका करून घेऊन शनिवारी तिथं जाऊन उभी राहायची. माझीही घागर असायची, लहान, पितळी.

एका सव्वीस जानेवारीला मुख्याध्यापकांनी ठरवलं की झेंडावंदनानंतर पथकाचं प्रात्यक्षिक ठेवायचं. तालुक्याहून एक साहेब आले होते. मैदानात मधोमध वाळलेल्या गवताचा ढीग रचला होता. आता पेटवायचा, तर आप्पा काडी ओढायला तयार होईनात. "इझवायला आलो, पेटवायला न्हाई." कुणी दुसऱ्यानं ओढतो म्हटलं तर त्यालाही ओढू देईनात. शेवटी पथक धावत आलं, दत्तानं पाइप धरला, आणि चौदा जणांनी मोठ्या शिस्तीनं न पेटलेलं गवत विझवलं. साहेबांनी विचारलं, "आग कुठं आहे?" आप्पा गंभीरपणे म्हणाले, "लागली असं समजा, सायेब." मुलं वर्षभर एकमेकांना तेच म्हणत होती. गृहपाठ कुठं आहे विचारलं तर केला असं समजा.

पण खरी आग लागली की हा माणूस ओळखू येत नसे. माझ्या दुसऱ्या वर्षी भरदुपारी शाळेच्या मागच्या शिवारातली कडब्याची गंजी पेटली, तेव्हा मी कुंपणापाशी उभी राहून सगळं बघितलं. आप्पा पळत नव्हते. आधी मूठभर माती उडवून वारा बघितला. मग दत्ताला वाऱ्याच्या पाठीमागून पाइप धरायला लावला, बाकीच्यांना भिजवलेली पोती देऊन शेजारच्या गंज्यांवर चढवलं. पेटलेल्या गंजीकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. "जळती ती गेली. जी जळायची हाय ती बगा," असं ते दबक्या आवाजात सांगत फिरत होते. शेजारच्या तिन्ही गंज्या वाचल्या. सगळे गेल्यावरही आप्पा तिथं बसून राहिले, राखेत हात घालून बघत. मालकिणीनं चहा आणला तो घेतला नाही. जळालेल्या घरचं ते काही खात-पीत नसत.

मग तो उन्हाळा आला. आमच्या भागातल्या कुणालाही 'तो उन्हाळा' म्हटलं की पुरतं. पावसाळे कोरडे गेले होते, बोअर आटल्या होत्या, आणि गावच्या विहिरीत सरकारी टँकर येऊन पाणी ओतून जायचा, तोही रोज नाही. टँकर आला की विहिरीभोवती बायापुरुषांची झुंबड. माणसं एकमेकांच्या अंगावर जायची. शनिवारची घागर माघातच बंद झाली होती, ते साहजिक होतं. पण टाकी त्याआधीच भरलेली होती, काठोकाठ. गावाच्या मधोमध, मारुतीसमोर, पाच हजार लिटर पाणी उभं होतं आणि गाव तहानलेलं होतं.

ग्रामसभा बसली. टाकी सोडावी असं सगळ्यांनी हात वर करून ठरवलं. आप्पा उठून म्हणाले, "उन्हाळा हाय. समदं वाळून कडकडीत झालंय. इहिरीत घोटभर पानी न्हाई. अशात एक ठिणगी पडली तर काय थुकून इझवायचं?" कुणीतरी म्हणालं, "आन् मानसं मेली तर?" आप्पा म्हणाले, "टँकर येतोय. उशिरा येतोय, पन येतोय. आग लागल्यावर कोन येतंय?" आणि त्यांनी जाऊन टाकीच्या नळाचं चाक काढून घेतलं आणि कमरेला बांधलं. एक पान्हा लावला असता तर नळ कुणालाही उघडता आला असता, दत्ताला तर दोन मिनिटांचं काम. कुणी उघडला नाही. ते पाणी आप्पांनी आपल्या हातानं द्यावं असं लोकांना वाटत होतं.

दत्ताची बायको सुरेखा तेव्हा बाळंत झाली होती. पंधरा दिवसांची ओली बाळंतीण आणि दुपटी धुवायला पाणी नाही. दत्ता आप्पांच्या दारात आला. मी माझ्या दारात उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"एक घागर द्या आप्पा. सुरेखासाठी मागतो."

"तुला दिली तर उद्या दुसऱ्याला कोन्या तोंडानं न्हाई म्हनू?"

"दुसरा आन् मी एक का? तुमचा पाइप मी धरतो."

"म्हनूनच तुला देता येत न्हाई, दत्ता."

दत्ता तसाच माघारी गेला. त्यानंतर महानंदाकाकू स्वतःच्या वाट्याची घागर घेऊन सुरेखाकडे गेल्या. काकूही इतरांसारख्याच विहिरीवर नंबर लावायच्या. टाकीतला थेंब त्यांच्या घरात कधी आला नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण सुरेखाच्या सासूनं ती घागर अंगणात उपडी केली. तसल्या दिवसांत पाणी जमिनीवर ओतलं, यावरून तिला किती राग आला असेल ते समजावं.

मीही मागायला गेले. शाळेत खिचडी शिजवायला पाणी नव्हतं. सुट्टी लागायला वेळ होता आणि काही मुलं दुपारच्या त्या जेवणासाठीच येत होती. दोन बादल्या मागितल्या. आप्पांनी नाही म्हणून मान हलवली. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आप्पा, तुम्हाला गावाची काळजी नाही. तुम्हाला आग लागायला हवी आहे. आग लागली नाही तर तुम्हाला विचारतं कोण?" ते माझ्याकडे बघत राहिले. मी मोठ्या तोऱ्यात परत आले, आणि पुढे कित्येक वर्षं ते वाक्य मलाच बोचत राहिलं.

त्या उन्हाळ्यात आग लागलीच नाही. चैत्र गेला, वैशाख गेला, गंज्या कोरड्याठाक उभ्या होत्या, विजेच्या तारा एकमेकींना घासत होत्या, लोक बिड्या ओढत होते, आणि काही पेटलं नाही. एकदा जरी पेटलं असतं तर गावानं आप्पांना खांद्यावर घेतलं असतं.

आणि वर त्यांनी आणखी एक केलं. पावसाळा लागला की टाकी रिकामी करून आतून घासायची आणि नव्यानं भरायची, हा त्यांचा दरवर्षीचा नियम. त्याही वर्षी, पाऊस झाल्यावर चार दिवसांनी, त्यांनी कमरेचं चाक काढून नळाला लावलं आणि टाकी सोडली. पाणी हिरवट झालं होतं, ते खरं. पण पाच हजार लिटर पाणी मारुतीच्या उतारावरून गटाराकडे वाहत गेलं आणि बाया आपापल्या दारात उभ्या राहून ते बघत होत्या. सुरेखा लेकराला छातीशी धरून उभी होती. आप्पा आत उतरून नारळाच्या काथ्यानं टाकी घासत होते, त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं. दुसरा कुणी असता तर त्यानं ते पाणी चार कोसांवर नेऊन ओतलं असतं. आप्पांना ते सुचलंच नाही. नियम होता, त्यांनी पाळला.

पुढच्या शनिवारी घागर घेऊन कुणी आलं नाही. आप्पा लिंबाखाली दुपारपर्यंत उभे होते. मी खिडकीतून बघत होते. माझी पितळी घागर भरलेली होती, पण बाहेर पडायची माझी हिंमत झाली नाही. गावात राहायचं तर गावासारखं वागावं लागतं, अशी मी माझी समजूत घातली. आता वाटतं, तेव्हा गेले असते तर फार काही बिघडलं नसतं.

दुपारनंतर आप्पांनी स्वतःच घागरी आणायला सुरुवात केली. काकू विहिरीतून शेंदून द्यायच्या आणि आप्पा शिडीवर चढून ओतायचे. टाकी भरायला त्यांना महिना लागला. नंतर दरवर्षी तेच. चौदा जणांतले काही पुण्याला कंपन्यांत गेले, काही लातूरला. जे राहिले त्यांनी आप्पांशी भांडण असं केलं नाही. रस्त्यात भेटले की "आप्पा, बरं हाय का" म्हणायचे. पण पथकाचं नाव काढलं की कुणाचे गुडघे दुखत, कुणाला बाजारला जायचं असे. नव्या सुना थेट मारुतीला जाऊ लागल्या. मोटारी बांधायला लोक अहमदपूरला नेऊ लागले. आप्पा कधी कुणाकडे गेले नाहीत, या म्हणाले नाहीत, आपली बाजू मांडली नाही. मला त्याचाही राग यायचा. एवढा कसला ताठा, असं मला वाटे.

माझी बदली व्हायच्या आदल्या वर्षी, कार्तिकात, दत्ताच्याच शेतात बनीम पेटली. दिवसाढवळ्या. भोंग्यावर कुणी काही बोललं नाही. धूर बघून आप्पांनी चाकाचा दगड काढला आणि एकटेच निघाले. मी मुलांना वर्गात बसवून, टाकीच्या ओझ्यानं रांगणाऱ्या ट्रॅक्टरमागून चालत गेले. आम्ही पोचलो तेव्हा आग विझत आली होती. लोकांनी फवारणीचे पंप आणले होते, वाऱ्याच्या पाठीमागून उभे होते, शेजारच्या बनीमीवर ओली पोती टाकली होती. पेटलेल्या ढिगाकडे कुणी बघत नव्हतं. दत्ता दबक्या आवाजात सगळ्यांना जागा दाखवत फिरत होता. सगळं आप्पांनी शिकवलेलं, आणि एकही गोष्ट चुकलेली नव्हती. आप्पा ट्रॅक्टरवरच बसून राहिले, मागे भरलेली टाकी. ट्रॅक्टर बंद केलं असतं तर पुन्हा चालू करायला ढकलावं लागलं असतं, आणि ढकला असं त्यांना कुणाला म्हणायचं नव्हतं. इंजिनाच्या आवाजात ते मोठ्यानं म्हणाले, "चांगलं केलं, दत्ता. मधनंमधनं उकरून पानी मारा, आत निखारा ऱ्हातो."

दत्तानं वर न बघता म्हटलं, "मालूम हाय, आप्पा."

आप्पांनी ट्रॅक्टर वळवलं. परत येताना ते माझ्याशेजारून गेले तेव्हा त्यांनी मला बसा म्हटलं नाही आणि मी हात केला नाही.

बदली अहमदपूरला झाली आणि मी तिथंच घर केलं. मध्ये काकू गेल्याचं कळलं, तेव्हा भेटायला जायचं ठरवलं आणि राहून गेलं. आप्पा मला शेवटचे भेटले ते अहमदपूरच्या बसस्टँडवर, गेल्या वर्षी. सिमेंटच्या बाकावर बसले होते, मांडीवर कागदात गुंडाळलेला पंपाचा रबरी वायसर. केस पूर्ण पांढरे, सदऱ्याची वरची गुंडी चुकीच्या काजात. मी शेजारी बसले. त्यांनी लगेच ओळखलं.

"शाळेत पान्याचं कसं हाय आता, बाई?"

"नळ आहे आप्पा. तुमचं कसं चाललंय?"

"चाललंय. टाकी भरलेली हाय."

ते सारखे घड्याळाकडे बघत होते. बस नेहमीप्रमाणे उशिरा होती. मला वाटलं, आता बोलून टाकावं. मी म्हणाले, "आप्पा, त्या उन्हाळ्यात मी तुम्हाला एक वाईट बोलले होते."

"वाईट न्हाई. खरं बोलल्या व्हत्या."

मी काहीतरी सारवासारव करू लागले, तर त्यांनी हातानं थांबवलं आणि समोर बघत सांगू लागले.

"तुमी बोलून गेल्या, त्येच्या आठ दिसांनी. भर दुपार. तुमची काकू इहिरीवर गेली व्हती. गावात कुनी बोलत न्हवतं. मला वाटलं, एक आग लागावी. ल्हानशी. मानसाला, जनावराला धक्का न लागनारी. भोंग्यावर वरडावं, समदे पळत यावेत, टाकी उगडावी. मंग कळंल लोकाला. आता दुसऱ्याची गंजी कशी मागू? म्हनून माझीच. बैलं सोडून लांब बांदली. चुलीपासली काडेपेटी आनली. मला काडी वढायची सवय न्हाई, दोन मोडल्या. तिसरी पेटली."

"मग?"

"मंग काय. गंजी इझवायला निम्मी टाकी तरी लागली असती. म्हनलं, लोक घागरीला तरसून राह्यलेत आन् आपन पानी हितं वतायचं? फुकली काडी."

स्टँडवर कुठलीतरी गाडी लागली, लोक पळाले, पुन्हा शांत झालं.

"पन मनात तर आनली व्हती न्हवं, बाई. म्हनून कुनाला काई म्हनलो न्हाई. घागर घेऊन या असं तरी कसं म्हनावं? दत्ता मागायला आला त्याला न्हाई म्हनलो, आन् आपन काडी घेऊन उभा."

मी इतकी वर्षं ज्याला ताठा समजत होते ते हे होतं. मला रडू यायला लागलं. "आप्पा, हे दत्ताला तरी सांगायचं. गावाला सांगायचं. काडी विझवली ना तुम्ही?"

"आता काय सांगायचं," ते म्हणाले. "दत्ताला चांगलं जमतंय समदं. लई बेस केलं त्यानं त्या दिवशी."

तेवढ्यात त्यांची गाडी लागली. ते झटकन उठले, वयाच्या मानानं फारच झटकन, आणि माझा निरोपही न घेता गर्दीत शिरले. मी मागून गेले. म्हटलं, आप्पा, आज माझ्याकडे चला, जेवा, उद्या सकाळी जा. त्यांनी दारातल्या दांड्याला धरून मागे बघितलं. त्यांना माझं बोलणं नीट कळलंच नसावं असा चेहरा होता.

"कसं ऱ्हाऊ, बाई? सकाळी निगालो, चार घंटे झाले. तिथं दुसरं कोन हाय?"

कंडक्टरनं दार ओढलं. काचेतून मला दिसलं, बसायला जागा असूनही ते पुढे ड्रायव्हरच्या मागे दांड्याला धरून उभे राहिले होते आणि वाकून रस्त्याकडे बघत होते. सकाळपासून त्या गावात आगीला धावून जाणारं कुणी नव्हतं असं समजून हा म्हातारा घाईनं परत निघाला होता, आणि तो गावाबाहेर गेला होता हे गावात कुणाला माहीतसुद्धा नव्हतं.